कळ हातोडीवर आली

"भावोजी, मी येऊन लावून देतो." हे वाक्य आमच्या हेडक्लार्कांनी लग्नाच्या बावीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की आता त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेहुणा नुसतं म्हणून थांबायचा नाही, खरंच यायचा. पडद्याचा दांडा त्याने लावला, आरसा त्याने लावला, हेडक्लार्कांचा सत्कारातला फोटोसुद्धा त्यानेच टांगला.

म्हणून दाराशी किल्ल्या ठेवायला फळी हवी असं बायको म्हणाली, तेव्हा त्यांनी मेहुण्याला फोनवर ठणकावून सांगितलं, "तू येऊ नकोस. फक्त मशीन दे."

"हॅमर ड्रिल आहे हो ते. जमेल ना?"

"अरे, बावीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळतोय मी!" (रेकॉर्ड रूमचा आणि ड्रिलचा संबंध काय, हे मेहुण्याने विचारलं नाही. गुणी मुलगा.)

मशीन सकाळीच आलं. पाच वाजता मेहुणा ते परत न्यायला येणार होता. म्हणजे पाचपर्यंत फळी लागली तर इज्जत, नाही तर पुन्हा जन्मभर 'मी येऊन लावून देतो'.

आवाजाने शेजारी गोळा होऊ नयेत म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. दाराच्या कडीच्या बाजूला, दाराशी काटकोनात येणाऱ्या भिंतीवर, चौकटीपासून चार बोटांवर खुणा केल्या आणि ड्रिल टेकवलं. गिलावा लोण्यासारखा निघाला. पुढे लागलं काँक्रीट. ड्रिल नुसतं गरगर फिरायला लागलं.

"अहो, धूर येतोय!" बायको ओरडली.

"येऊ दे. काम चालू आहे."

मग त्यांचं लक्ष मशीनच्या डोक्यावरच्या कळीकडे गेलं. एका बाजूला ड्रिलचं चित्र, दुसऱ्या बाजूला हातोडीचं. कळ होती ड्रिलवर, म्हणजे नुसतं फिरणं; काँक्रीटला हवे होते हातोडीचे ठोके. पंख्याचा रेग्युलेटर आपण चालू पंख्यावरच फिरवतो, असा विचार करून त्यांनी चालू मशीनवरच कळ पिळली. खर्रर्रकन असा आवाज आला की बायको स्वयंपाकघरात पळाली. कळ दोन चित्रांच्या मधोमध अडकली. ना इकडे, ना तिकडे.

घड्याळात सव्वातीन. फळी राहिली बाजूला, आता मेहुण्याचं मशीनच मोडलं! त्यांनी पक्कड आणली.

"आधी प्लग काढा! आणि ती पक्कड ठेवा खाली," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तुटली कळ तर त्याला काय तोंड दाखवणार?"

प्लग काढला. जुन्या टूथब्रशने कळीभोवतीची धूळ झाडली. कळीची मनधरणी केली, तिला शिव्या दिल्या. ढिम्म. शेवटी ते मशीन मांडीवर घेऊन बसले आणि विचार करता करता एका हाताने पुढचं टोक उगाच फिरवत राहिले, दुसऱ्या हाताचा अंगठा कळीवर.

टक!

कळ हातोडीवर!

"अगं, ये ये! आतले दाते जुळत नव्हते! टोक जरासं हाताने फिरवायचं, की दाते जुळतात आणि कळ सरकते!" त्यांनी बायकोला ते अकरा वेळा करून दाखवलं. सातव्या वेळेला ती खरोखरच म्हणाली, "कमाल केलीत हं!" बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग काय विचारता! धडधडधड! काँक्रीटची हिंमत काय! चार भोकं पडली, फळी चढली. त्यांनी स्क्रू असे आवळले, असे आवळले, की डोक्यांवरच्या खाचा गुळगुळीत झाल्या तेव्हाच थांबले. फळीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. केसभरही हलली नाही.

पाचला बेल वाजली. हेडक्लार्कांनी शर्टाची कॉलर नीट केली, कडी काढली आणि झोकात दार उघडलं.

खट्.

दार चार बोटं उघडलं आणि फळीला अडलं. फटीतून मेहुण्याचा एक डोळा दिसला.

"भावोजी, दार उघडा ना."

"उघडलंय."

त्यांनी फळी ओढली, ढकलली, खांदा लावला. स्क्रू ड्रायव्हर खाचांवरून नुसता घसरत होता. फटीतला डोळा हे सगळं शांतपणे बघत होता.

"फळी मात्र पक्की बसलीय हं!" मेहुणा मनापासून म्हणाला.

हेडक्लार्कांची छाती तेवढ्यातही दोन इंच फुगली. मागे बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

"काळजी करू नका, भावोजी," फटीतून आवाज आला. "मी येऊन काढून देतो."

"ये की," हेडक्लार्क म्हणाले. "कुठून येतोस?"