केळ्यांची भुतं

यंदा हॅलोविनला आपलं नाव निघणार, याबद्दल वर्लीनबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चाळीस वर्षं दातांच्या दवाखान्यात लोकांच्या किडक्या दाढांत डोकावून झालेली बाई; साखरेशी तिचं हाडवैर. गेल्या साली तिनं सोंगं घेऊन खाऊ मागायला दारी आलेल्या पोरांच्या हातावर बेदाण्याच्या डब्या ठेवल्या. पोरांनी सूड उगवला: सकाळी अंगणातला मेपल नखशिखांत टॉयलेट पेपरात गुंडाळलेला! नवरा ऑर्विल दोन दिवस शिडीवर होता. पण वर्लीनबाईंना झाडाचं दुःख नव्हतं. त्यांची नात जूनी शाळेतून रडत आली होती. सगळे तिला ‘बेदाणेआजीची नात’ म्हणत होते.

ते नाव यंदा पुसायचंच होतं. म्हणून केळी. अर्धं केळं सोलून काडीवर उभं करायचं, चॉकलेटच्या दोन कणांचे डोळे लावायचे, की झालं गोरंगोमटं भूत. लिंबाचा रस चोपडून, एकेक पारदर्शक पिशवीत घालून साठ भुतं ओट्यावर ओळीनं उभी राहिली. जणू चांदण्यात न्हालेलं वऱ्हाडच.

सहा वाजले. रस्त्यावर चेटकिणी, समुद्री चाचे, सांगाडे झालेल्या पोरांची झुंबड उडाली. डे मॉइन गावची रीतच अशी, की पोरांनी दारात आधी एक विनोद सांगायचा आणि मग खाऊ घ्यायचा. शेजारच्या ओसरीवरून हशा ऐकू येत होता. वर्लीनबाईंच्या दाराशी मात्र मेपलचं पान पडल्याचाही आवाज होईना.

सव्वासहा. साडेसहा. पोरं फाटकापर्यंत येत, दाराकडे बघत आणि पुढे जात. एक चेटकीण तर चक्क रस्ता ओलांडून पलीकडे गेली. इकडे भुतांच्या गालांवर वांगाचे डाग दिसू लागले. लिंबाचा रस तरी किती वेळ साथ देणार! ऑर्विल वर्तमानपत्राआड इतका गप्प होता, की बाईंना त्या गप्प बसण्याचाच राग आला. त्यांनी विचारलं, पोरांना आपली एवढी धास्ती का असावी? त्यावर तो म्हणाला, हवा गार आहे ना यंदा.

सात वाजता मागच्या दारानं जूनी आत आली. डोक्यावरचा चांदणीचा मुकुट तिरका झालेला.

“आजी, तू ओसरीचा दिवा का घालवलास? सगळे म्हणतायत, बेदाणेआजी रुसली.”

दिवा! ओसरीचा दिवा बंद म्हणजे ‘पुढे व्हा’, हे या गावातलं तान्हं पोरसुद्धा जाणतं. बाईंनी सावकाश मान वळवली. वर्तमानपत्र आणखी वर सरकलं.

“अगं, पोरांनी पुन्हा झाड गुंडाळलं, तर शिडी…” ऑर्विल पुटपुटला. “भुतं साठ असली, तरी शिडी चढणारे गुडघे माझ्या एकट्याचे आहेत.”

“मला निदान विचारायचं तरी!”

“विचारलं असतं, तर तू दिवा लावला असतास.”

बाईंनी तणतणत बटण दाबलं. ओसरी उजळताच फाटकाशी घुटमळणारी पोरं पाखरांच्या थव्यासारखी आत घुसली. सगळ्यांत पुढे मधमाशी झालेली एक चिमुरडी. जूनीनं आजीचा पदर असता तर धरला असता. तिनं बाही धरली.

बाईंनी तबक पुढे केलं. ओट्यावर गोरी असलेली भुतं आता करपल्यागत तपकिरी झाली होती.

“विनोद सांग, बाळ.”

मधमाशीनं तबकाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा तबकाकडे. “ही भुतं नाहीत. ही तर माकडं आहेत.”

मग सगळी ओसरी खदखदून हसली. जूनीसुद्धा. पोरं माकडं मागू लागली. एकानं तर दोन नेली. पाऊण तासात तबक रिकामं झालं.

सकाळी मेपल जसा होता तसाच उभा. एकही कागद नाही, एकही फांदी झाकलेली नाही. दुपारी वर्लीनबाई जिंकल्याच्या तोऱ्यात कॉफी ओतत होत्या, तोच शाळेतून घरी पोचलेल्या जूनीचा फोन आला. शाळेत आता तिला कुणी बेदाणेआजीची नात म्हणत नव्हतं.

“मग काय म्हणतात?”

“माकडआजीची नात.”

बाईंनी फोन खाली ठेवला. ऑर्विलनं वर्तमानपत्र खाली न करताच विचारलं, “बढती मिळाली म्हणायची का?”