मागच्या काचेवरची कृपा

आमची गाडी सकाळी गार असताना रागाने थरथरते. निफाडच्या थंडीत सगळ्याच गाड्या कुडकुडतात, पण आमची थंडीला भीक घालत नाही. तिला राग येतो. चावी फिरवली की इंजिन धडधडायला लागतं, काटा खालीवर नाचतो, आरसे हलतात, मध्येच बंदही पडते. मोठ्या रस्त्याला लागलं की तीच गाडी गायीसारखी गरीब.

मी वैजयंता. पहाटे सहा बायकांना द्राक्षांच्या पॅकहाऊसला पोचवायचं आणि संध्याकाळी आणायचं, हा माझा धंदा. गाडी माझ्या शेळ्या विकून घेतलेली, कागदावर नावही माझंच. पण माझे मोठे दीर, आबा, रोज अंगणात उभे राहून म्हणायचे, "बाईमाणसाच्या हाताखाली गाडी अशीच होणार. संक्रांतीच्या आत विकून टाकू. गिऱ्हाईक मी बघतो." आमच्या ह्यांना मोठ्या भावापुढे तोंड उघडता येत नाही. गाडी गेली असती तर मी परत चुलीपुढे, आणि त्या सहा जणी परत टेंपोत उभ्या. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

हारून मिस्त्रीने आधी प्लग बदलले. मग थ्रॉटल साफ केलं, हवेचे पाइप कुठे फुटलेत का ते पाहिलं, इंजिनाला गारठा कळवणारा सेन्सर नवा घातला. सकाळी गाडी होती तशीच.

मी म्हणाले, "मिस्त्री, रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय तुमचं."

त्याला ते लागलं. हात पुसत म्हणाला, "मग जबाब घ्यावा लागेल. मला वाटलं होतं तेवढी वेळ येणार नाही."

जबाबाचे नियम साधे असतात. गाडी रात्रभर उघड्यावर गार झालेली हवी. मालकाने मध्ये बोलायचं नाही. थरथर वाढली तर हो, कमी झाली तर नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मिस्त्री आला, गाडी चालू केली आणि बोनेटपाशी पाटावर बसला.

"पेट्रोलमध्ये खोट आहे?"

थरथर कमी झाली.

"थंडी वाजते?"

इंजिन जवळजवळ थांबलंच. "अपमान वाटला तिला," मिस्त्री हळूच म्हणाला आणि पाट जरा मागे सरकवला. "मग राग आहे?"

बोनेट उडायला लागलं.

"ताईंवर?" कमी झाली. "कामावर?" अजून कमी झाली. मिस्त्री उठून गाडीभोवती फिरला आणि मागच्या काचेपाशी थांबला. तिथे पिवळ्या रंगात वीतभर अक्षरं होती, 'आबांची कृपा'. आमच्याकडे गाडी दारात आली की मागच्या काचेवर कुणाची ना कुणाची कृपा लिहितातच. आमची आली त्या दिवशी मी पेढे वाटत होते, तेवढ्यात आबा स्वतःच पेंटरला घेऊन आले होते. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

"ह्याच्यावर?" मिस्त्रीने काचेवर बोट ठेवलं.

सायलेन्सर गळून पडला.

मिस्त्रीने तो उचलून भिंतीला टेकवून ठेवला आणि जबाब संपल्याचं सांगितलं. मी विचारलं, "मग सकाळीच का? दिवसभर तर नीट चालते."

"कामाला लागलं की विसर पडतो, ताई. उठल्या उठल्या सगळं आठवतं."

मलाही चूल पेटवतानाच आठवतं. मी घरातून ब्लेड आणलं.

"घरात एकदा विचारून घ्या," मिस्त्री म्हणाला.

"घरात गाडी माझी एकटीची आहे," मी म्हणाले आणि काच खरवडायला घेतली. पेंटर चौकशीला आला, आता कुणाची कृपा लिहू म्हणून. त्याला म्हटलं, कुणाची नको, काचेतून मागचं दिसू दे.

सायलेन्सर बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्रीच्या समोरच गाडी चालू करून बोनेटवर चहाचा कप ठेवला, तर साय हलली नाही. आणि नेमके त्याच वेळी आबा सिन्नरचं गिऱ्हाईक घेऊन आले.

"नाव कुठं गेलं?" आबांनी काचेकडे बघत विचारलं.

"खरवडलं."

"कुणाला विचारून?"

"गाडीला."

गिऱ्हाईक बोनेटला कान लावून ऐकत होतं. "इंजिन एकदम मऊ आहे हो," ते म्हणालं. आबा खूश झाले. म्हणाले, बघ, आता भावही बरा येईल. इतकं करून गाडी मी विकण्याजोगी करून ठेवली होती. आमचे हे दारात उभे होते, चपलांकडे बघत.

"चालवून बघा ना," आबा म्हणाले. मी गाडी बंद करून चावी दिली. काय करणार?

गिऱ्हाईक बसलं. चावी फिरवली, आणि गाडी अशी थरथरली की कप फुटला, आरसा निखळला, गिऱ्हाईकाची टोपी मागच्या सीटवर गेली. ते उतरलं. मग आबा बसले. आबांना बाहेर काढायला ह्यांना हात द्यावा लागला. मग मी बसले. गाडी शांत.

"हारून, दुरुस्त झाली म्हणाला होतास," आबा दरडावून म्हणाले.

"झालीय, आबा. आधी नुसती थरथरायची. आता कुणावर थरथरायचं ते तिला कळतं."

गिऱ्हाईक टोपी मागून घेऊन सिन्नरला गेलं. आबा मात्र फाटकात हात पसरून उभे राहिले. म्हणाले, "मी आहे तोवर ही गाडी ह्या दारातून बाहेर जाणार नाही."

"बाजूला व्हा आबा," मी म्हणाले. "माझ्या बायका चौकात गारठल्यात. मी थांबणार नाही. आजही नाही आणि उद्याही नाही."

ते हलले नाहीत. तेवढ्यात हॉर्न वाजला, लांबलचक. माझा एक हात गिअरवर होता आणि दुसरा खिडकीत. आबा बाजूला झाले.