कोर्ट उठेपर्यंत

निवृत्ती शेजवळच्या लूनाला विमा नव्हता, पाटी होती.

पाटी पुढच्या मडगार्डावर होती. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत ‘न्यायालय’. निवृत्ती नाशिकच्या फौजदारी कोर्टात पट्टेवाला होता, आणि ही पाटी लावल्यापासून आपण लूनावर नव्हे, साक्षात कायद्यावर बसून चाललो आहोत असं त्याला वाटू लागलं होतं. विम्याचे पैसे त्याच्या बायकोने, यशोदाबाईने, स्वतः त्याच्या हातात ठेवले होते. तो विम्याच्या कचेरीकडे निघालाही होता. पण वाटेत पेंटरचं दुकान लागलं आणि निवृत्ती विचारात पडला. विमा कामाला येतो तो गाडी धडकल्यावर. पाटी त्याच्या आधीपासूनच कामाला लागते. मग शहाण्या माणसाने काय घ्यावं? उरलेल्या पैशांत त्याने एक भोंगाही बसवून घेतला आणि तो वाजवतच घरी आला.

"भरला का इमा?" यशोदाबाईने दारातच विचारलं.

"भरला."

"दावा बरं कागद."

"कागद कोर्टात ठेवलाय. तिथं कपाटाला कुलूप असतं."

यशोदाबाईचं हे विम्याचं खूळ उगाच नव्हतं. तिचा भाऊ मल्हारी दिंडोरीला राहायचा. सायकलवरून येताना त्याला एका टेम्पोने उडवलं आणि पाय मोडला. टेम्पोला विमा नव्हता, मालकाने हात वर केले, आणि मल्हारी कायमचा लंगडा झाला. तेव्हापासून यशोदाबाई द्वारका चौकात रिक्षा थांबवायची तेव्हा भाडं नंतर ठरवायची; आधी "इमा हाय का?" असं विचारायची. रिक्षावाले तिला लांबून पाहिलं की हँडल दुसरीकडे वळवत. असल्या बाईला विम्याची थाप मारायची म्हणजे छाती पाहिजे. निवृत्तीला ती नव्हती, पण थाप तर मारून झाली होती. ‘पुढच्या पगाराला भरून टाकू’ असं तो दर पगाराला म्हणत राहिला.

निवृत्तीकडे खरी ऐपत होती ती आवाजाची. त्याचे वडील भिकन गावात दवंडी द्यायचे. तोच गळा निवृत्तीने उचलला आणि कोर्टाच्या दारात आणून उभा केला. आरोपींच्या, साक्षीदारांच्या नावाचा पुकारा करणं हे त्याचं काम. वडिलांना गावाने कधी ‘भिक्या’खेरीज हाक मारली नव्हती, म्हणून निवृत्ती मात्र पाकीटमाराचंही नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत घ्यायचा. समोर सीबीएसच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहणारे लोकसुद्धा त्याचा आवाज ऐकून दचकत आणि आपलं नाव नाही ना, याची खात्री करून घेत. त्याने पुकारलेला माणूस तारखेला हजर झाला नाही असं सहसा होत नसे, याचा त्याला मोठा अभिमान होता.

तर चौऱ्याऐंशी सालच्या एका सकाळी निवृत्ती द्वारकेवरून कोर्टाकडे चालला होता. चौकात हवालदार पुंजाराम उभा होता. लाल अक्षरांतली पाटी दिसताच पुंजारामने हात आडवा केला.

"शेजवळ, थांब थांब! माझी साक्षीची तारीख कधी आहे रे? विसरलोच बघ."

निवृत्तीने ऐटीत ब्रेक दाबला. "बुधवारी. आणि येताना टोपी घालून या. मागच्या वेळी साहेब चिडले होते."

इथवर सगळं ठीक होतं. पण पुंजारामच्या मागे एक नवा फौजदार उभा होता. आपल्या हवालदाराने गाडी अडवली म्हणजे ती कागद पाहायलाच, असं त्याला वाटलं. नव्या माणसाचं असंच असतं. तो पुढे आला.

"लायसन?"

निवृत्तीने लायसन दाखवलं.

"विमा?"

निवृत्तीने पाटीकडे बोट दाखवलं.

"ती वाचली मी. विमा विचारतोय."

"साहेब, मी कोर्टातला माणूस."

"मग सोपंच झालं," फौजदार म्हणाला आणि खिशातून पेन काढलं. "तुम्हाला तिथला रस्ता दाखवायला नको."

पुंजाराम तोंडावर हात ठेवून आभाळाकडे पाहत राहिला.

त्या दिवशी निवृत्तीचा आवाज बसला. विम्याशिवाय गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, हे त्याने आजवरच्या साहेबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्याने दुपारच्या सुट्टीत धावत जाऊन विमा उतरवला. पण आजचा विमा सकाळच्या गुन्ह्याला लागू पडत नाही, हेही त्याला पाठ होतं. कोरे करकरीत विम्याचे कागद नाचवत आलेले कितीतरी लोक त्याने पाहिले होते. साहेब कागदावरची तारीख बघायचे आणि तो परत करायचे. दारात उभा असलेला निवृत्ती त्या लोकांना हसायचा.

दंडाची त्याला भीती नव्हती. कैदेचीही, खरं सांगायचं तर, फारशी नव्हती. भीती यशोदाबाईची होती. तिला कळलं तर? त्याने पुंजारामला गाठून गळ घातली. "समन्स घरी धाडू नका. मी इथंच घेतो." ज्याच्यामुळे सगळं घडलं त्या पुंजारामने तेवढं ऐकलं. समन्स कोर्टाच्या व्हरांड्यातच हातात पडलं. आणि वाहतुकीचे खटले निवृत्तीच्याच साहेबांकडे होते! साहेब नवे होते, त्याला नुसतं ‘पट्टेवाले’ म्हणत. निवृत्ती भिकन शेजवळ म्हणजे आपल्याच दारात उभा असतो तो माणूस, हे त्यांच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

पण पुकाऱ्याचं काय? आपलंच नाव आपणच पुकारायचं, आणि मग आपणच आत धावायचं? निवृत्तीने तारखेच्या दिवसाची रजा टाकली आणि आपल्या जागी कागदांच्या नकला करणाऱ्या विभागातल्या लहानूला उभं केलं. लहानूचा आवाज आधीच पातळ. तो बायकोला हाक मारायचा तेव्हा शेजारणीला वाटायचं, गडी स्वतःशीच बोलतोय. तरी निवृत्तीने त्याला बजावलं.

"लहानू, माझं नाव जरा हळू घे. सगळ्या कोर्टाला कळायला नको."

"किती हळू?"

"मला ऐकू येईल एवढं. बास."

यशोदाबाईचीही सोय आपोआप झाली. तारखेच्याच दिवशी ती मल्हारीला भेटायला दिंडोरीला जाणार होती. निवृत्तीने तिला स्वतः लूनावरून स्टँडवर सोडलं, दिंडोरीची गाडी लागलेली पाहिली, आणि हलक्या मनाने कोर्टाच्या मागच्या चहाच्या टपरीआड जाऊन बसला. गाडी लागली होती, पण कंडक्टर आला नव्हता, हे त्याने पाहिलं नाही.

तिकडे कोर्ट बसलं. लहानूने निवृत्तीचं नाव घेतलं. शब्दाला जागून, हळू घेतलं. दारातल्या खांबाला ते ऐकू गेलं असेल तर असेल. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. टपरीआड निवृत्ती दुसरा चहा बशीत ओतत होता.

बऱ्याच वेळाने लहानू घाम पुसत टपरीवर आला.

"निवृत्तीभाऊ, तुम्ही आला नाही?"

"पुकारा व्हायचाय ना अजून."

"कधीच झाला. साहेबांनी वॉरंट काढायला सांगितलंय तुमच्यावर."

वॉरंट म्हणजे पोलीस दारात! आणि दारात यशोदाबाई! तो चहा तसाच टाकून पळाला आणि धापा टाकत साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, मी हजर आहे. वॉरंट काढू नका."

साहेबांनी चष्मा वर केला. "पट्टेवाले, तुम्ही तर रजेवर आहात."

"आरोपी म्हणून हजर आहे, साहेब. निवृत्ती भिकन शेजवळ. मला पुकारा ऐकू आला नाही."

"तीन वेळा झालाय. लहानू, झाला की नाही?"

"झाला साहेब."

"कसा केला? आत्ता करून दाखव."

लहानूने दाराशी जाऊन करून दाखवला. पहिल्या बाकावरच्या वकिलाने कानामागे हात धरला.

"हा पुकारा?" साहेब म्हणाले. "असं तर माणूस दुसऱ्याच्या कानातही बोलत नाही."

"साहेब, आरोपीनंच सांगितलं होतं हळू घ्यायला," लहानू कळवळून म्हणाला.

सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले असते, पण त्यांनी खोकून घेतलं. "पुकारा नीट झाला नाही, म्हणून वॉरंट रद्द. आता रीतसर पुकारा होईल आणि मग आरोपी हजर होईल. लहानूकडून ते जमणार नाही. शेजवळ, तुम्ही करा."

निवृत्ती दारात गेला. हळूच म्हणाला, "निवृत्ती भिकन शेजवळ..."

"मला ऐकू आलं नाही," आतून साहेब म्हणाले.

तो जरा वाढवून म्हणाला.

"बाहेर झाडाखाली बसलेल्यांना ऐकू गेलं का?"

आता मात्र निवृत्तीच्या गळ्याला ते झोंबलं. इतकी वर्षं ज्या आवाजाने चोरापोरांची नावं मानाने घेतली, त्याने स्वतःच्या बापाचं नाव पुटपुटायचं? त्याने छाती भरून श्वास घेतला, भिंतीला हात टेकला आणि यशोदाबाई, विमा, वॉरंट सगळं विसरून आरोळी ठोकली.

"निवृत्ती भिकन शेजवळ हाजिर होऽऽ!"

झाडावरचे कावळे उडाले. निवृत्ती समाधानाने वळला, आत जाऊन आरोपीच्या जागी उभा राहिला आणि म्हणाला, "हजर, साहेब."

साहेबांनी कागद पुढे ओढले. तेवढ्यात दारात पिशवी घेतलेली एक बाई धापा टाकत येऊन उभी राहिली.

"अहो, काय झालं? पार ष्टँडावर आवाज आला! सोताचंच नाव घिऊन काहून वरडता?"

निवृत्तीने डोळे मिटून घेतले.

"ह्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"आरोपीची मंडळी," लहानूने नको तेव्हा खणखणीत आवाजात सांगितलं.

"थांबू द्या त्यांना. शेजवळ, द्वारका चौकात विम्याशिवाय वाहन चालवल्याचा तुमच्यावर आरोप आहे. गुन्हा कबूल आहे?"

निवृत्तीने साहेबांकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं.

"कबूल," तो म्हणाला.

"विमा का नव्हता?"

"पाटी होती, साहेब."

कसली पाटी, ती कुठे लावली, का लावली, हे सगळं त्याला भर कोर्टात सांगावं लागलं. लोक रुमाल तोंडात कोंबून ऐकत होते. त्याने नव्या विम्याचा कागद पुढे केला. साहेबांनी तारीख पाहून तो परत केला. आज दारात उभं राहून हसायला लहानू होता.

"साहेब, म्या बोलू का?" यशोदाबाईने विचारलं.

"बोला."

"माझ्या भावाचा पाय टेंपोखाली गेला. त्या टेंपोलाबी इमा नव्हता. त्या मालकाला म्या रोज चुलीपुढं बसून शिव्या देते. तसलाच एक रोज माझ्या ताटाशेजारी जेवायला बसतो, हे मला ठाव नव्हतं. एवढंच."

यावर कोणी हसलं नाही. निवृत्तीला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मल्हारी काठी टेकत अंगणात येतो तो त्याला समोर दिसला. आजवर तो मेव्हण्याला चहा देत होता आणि अंगणात त्याच टेम्पोची धाकटी बहीण उभी करत होता. त्याची त्याला खरोखर लाज वाटली.

साहेबांनी थोडा वेळ लिहिलं. "दंड भरायचा. पाटी आजच्या आज काढायची. आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद."

म्हणजे संध्याकाळी कोर्टाचं कामकाज संपेपर्यंत तिथंच बाकावर बसून राहायचं. निवृत्ती बसला. इतक्या वर्षांत या खोलीत तो कधी बसला नव्हता, उभाच असायचा. बाक चांगला रुंद निघाला. यशोदाबाई येऊन त्याच्या शेजारी बसली. तिची दिंडोरीची गाडी केव्हाच गेली होती. ती पिशवी मांडीवर घेऊन समोर पाहत होती.

लहानूने पुढचं नाव पुकारलं. कोणी आलं नाही. त्याच्या पुढचं पुकारलं. तेही आलं नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग कैद्याकडे.

"शेजवळ, तुम्ही पुकारा."

निवृत्ती लगबगीने उठला.

"बसूनच. कैदेत आहात तुम्ही."

मग कैद्याने बसल्या जागेवरून पुकारा केला आणि झाडाखालचे आरोपी धावत आले. दिवसभर असं चाललं. त्या दिवशी एकही वॉरंट निघालं नाही.

संध्याकाळी साहेब उठले, वकील उठले, खुर्च्या सरकल्या. निवृत्तीने उभं राहून कंबर सरळ केली.

"चला. सुटलो एकदाचा."

यशोदाबाई हलली नाही.

"कोरट उठलं आसंल," ती म्हणाली. "म्या नाय उठले अजून."

निवृत्ती मुकाट्याने पुन्हा खाली बसला. लहानू कुलूप आणि किल्ल्या घेऊन दारात उभा होता.

"निवृत्तीभाऊ, मला बंद करायचंय. किती वेळ?"

निवृत्तीने बायकोकडे चोरून पाहिलं. मग तो इतक्या हळू बोलला की लहानूला दोनदा विचारावं लागलं.

"साहेबांना विचार."