केरोबा थोपटे यांच्या भयाची हकीकत

श्री. जो अंधारीं आहे आणि उजेडींही आहे, त्यास नमन करून, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी ही हकीकत लिहिली. लिहिणाराचे नाव पुसू नये, राज्याचेही पुसू नये. राज्य लहान, एक पेठ, एक नदी आणि एक चित्रगृह, तेही पुढे पाडून तेथे मंगल कार्यालय जाहले. त्या राज्यात केरोबा थोपटे आणि नीळकंठपंत उपासनी असे दोन गृहस्थ होते. केरोबा अंगाने थोर, तालमीत घुमलेले, ट्रक दुरुस्तीचे गॅरेज चालवून होते. नीळकंठपंत अंगाने काडी, पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त जाहले, लग्न केले नाही. उभयतांची मैत्री शाळेच्या बाकावरची, केरोबा पंतांस नीळू म्हणत. यात्रेत तंबू लागे, त्यात भुताचा सिनेमा येई, आणि दोघे घरी न सांगता जाऊन बसत, आणि पडद्यावर पांढरे लुगडे हालले की केरोबा एवढे शरीर घेऊन मित्राचे पाठीशी दडत, आणि बाहेर येऊन भजी खाता खाता चित्राचा निवाडा करीत. चेटकीण खरी वाटली की नाही, दार करकरले ते योग्य समयी करकरले की नाही, ऐसे बोलणे घर येईतो चाले. मग केरोबांचे लग्न भागूबाईंशी जाहले, लेक जाहली, ती परमुलखी दिल्ही, उभयतांचे केस पिकले. परंतु राज्यात भुताचा सिनेमा आला आणि हे गेले नाहीत, ऐसे कधी जाहले नाही.

मग चित्रगृह मोडले तेव्हा नीळकंठपंतांनी मोठा टीव्ही घेऊन केरोबांचे घरी बसविला आणि मोबाइलवर चॅनल काढिले. दुपारचे जेवण जाहले की खिडक्यांचे पडदे ओढावे, चित्र पाहावे, आणि मग मोबाइलपुढे बसून जगास अभिप्राय सांगावा, ऐसा शिरस्ता पडला. नीळकंठपंत कथेचे गुणदोष सांगत आणि केरोबा भय किती वाटले ते सांगत. केरोबा खोटे बोलत नसत. पाणी प्यावयास उठलो तो स्वयंपाकघरात जावेना, ऐसे सरळ सांगत, आणि चॅनल पाहणारी रयत त्यावर बहुत खूष होती.

ऐसे चालले असता केरोबांस विस्मरण होऊ लागले. आधी चित्राचा शेवट विसरले, मग चित्र पाहिले हेच विसरले. एके दिवशी नीळकंठपंतांनी जुनेच चित्र चुकून लाविले, तो केरोबा पहिल्यानेच पाहत असल्यासारखे थरथरले, घामाने सदरा भिजला, आणि अभिप्राय सांगताना शब्द फुटेना. तो अभिप्राय रयतेने डोक्यावर घेतला. लोक म्हणाले, ऐसा घाबरणारा पुरुष दुसरा नाही. मग नीळकंठपंतांस लोभ जाहला आणि आनंदही जाहला. मित्र पुन्हा तंबूतला मुलगा जाहला, ऐसे त्यांचे मनी आले, आणि जुनी चित्रे एकामागून एक लाविली. वैद्यांनी दुखण्याचे नाव सांगितले होते आणि उतार नाही हेही सांगितले होते. तरी पंत म्हणाले, भितो तोवर तो आपल्यात आहे, भय गेले तर काय उरेल. मनुष्य प्रीतीने आंधळा होतो, तैसे जाहले.

भागूबाईंनी बहुत दिवस सोसिले. मग एके दुपारी पंत चपला काढीत होते, तेव्हा बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमचा सिनेमा संपतो. ह्यांचा संपत नाही." मग त्यांनी सांगितले की तुम्ही गेल्यावर हे न्हाणीघरात जात नाहीत, आरशावर पंचा टाकितात, माझे हातचे अन्न घेत नाहीत, आणि भिंतीत कोण आहे म्हणोन विचारीत बसतात. पंतांनी त्याच दिवशी टीव्ही काढून आपले घरी नेला आणि पुन्हा केरोबांपुढे चित्र लाविले नाही.

परंतु जे शिरले ते निघेना. टीव्ही गेला आणि भय राहिले. केरोबा भागूबाईंस कधी ओळखीत, कधी न ओळखीत. लेक परमुलखातून आली, चार दिवस राहिली, रडली आणि गेली. पंत रोज दुपारी जात, शाळेच्या गोष्टी काढीत, मास्तरांच्या नकला करीत, आणि केरोबा कधी हसत. मग हसणे सरले आणि नुसते पाहू लागले. मग ऐसे जाहले की पंत दारातून आत आले की केरोबा खुर्ची मागे सारीत आणि भिंतीस पाठ लावून बसत. अवघ्या आयुष्यात जी भुते पाहिली, त्या सर्वांचे तोंड त्यांस पंतांचे ठायी दिसू लागले. पंत अंगाने वाळलेले, केस पांढरे, चालणे हलके; त्याचा दोष कोणास द्यावा.

मग एके दिवशी पंतांनी एकट्याने चॅनलवर बसून पाहिले. नवे चित्र आले होते, त्याची कीर्ती मोठी होती. चित्र सरले, मोबाइल पुढे ठेविला, आणि भयंकर होते की नव्हते हे काही केल्या सांगता येईना. जन्मभर आपण पडदा पाहत नव्हतो, शेजारचे तोंड पाहत होतो, हे तेव्हा कळले. चॅनल बंद केले. रयतेने चार दिवस विचारपूस केली, मग रयत दुसरीकडे गेली.

शेवटचे वर्तमान ऐसे की, कार्तिकात पंत लाडू घेऊन केरोबांचे घरी गेले. भागूबाई म्हणाल्या, आज बरे आहेत, बसा. पंत दूर, दाराशीच स्टुलावर बसले. केरोबांनी बहुत वेळ त्यांजकडे पाहिले. मग भागूबाईंचा पदर ओढून हळूच म्हणाले, "हा रोज येतो. तू दिसू देऊ नको की आपल्याला कळलंय. नीळू येऊ दे. नीळू आला की मला काही होत नाही."

भागूबाईंनी तोंडास पदर लाविला. पंतांनी मीच तो, ऐसे म्हणावयास ओठ उघडिले. परंतु केरोबांनी खुर्ची मागे सारिली, ते पाहून शब्द गिळिला. मग उठले आणि शक्य तितक्या मृदू स्वरे म्हणाले, "येतील ते. मी जातो आणि त्यांना पाठवतो."

केरोबांचे मुखावर तेव्हा जी तरतरी आली, ती भागूबाई सांगतात की कित्येक महिन्यांत आली नव्हती. पंत जिना उतरले आणि त्यानंतर त्या घरी गेले नाहीत. जावे तर तोच परका पुन्हा आला ऐसे होते, आणि न जावे तर नीळू येत नाही. लाडू भागूबाईंनी शेजारी वाटिले. केरोबा अद्यापि दुपारी दाराकडे तोंड करून बसतात.

सारांश, भिणारा आपले घरी आहे, धीर देणारा आपले घरी आहे, मध्ये एक पेठ आहे, आणि ती ओलांडण्यास उपाय नाही. जैसे जाहले तैसे लिहिले. यात कोणाचा जय नाही. इति.