इथे रूम मिळत नाही

सरनोबत आबांना तुम्ही काहीही विचारा, ते आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे बघतात, मग तुमच्या कानाशी येऊन हळूच म्हणतात, "सांगता येत नाही."

काहीही म्हणजे अगदी काहीही. मी त्यांना एकदा किती वाजले ते विचारलं होतं. मनगटावर घड्याळ होतं. त्यांनी ते पाहिलं, मग बाही खाली ओढून घड्याळ झाकलं आणि तेच वाक्य म्हणाले.

आता 'सांगता येत नाही'चे मराठीत दोन अर्थ होतात. एक, मला ठाऊक नाही. दोन, मला ठाऊक आहे, पण तुम्हाला कळता कामा नये. आबा हे वाक्य कायम दुसऱ्या अर्थानं म्हणतात, त्यामुळं त्यांच्या गल्लीत त्यांचा दरारा आहे. "आबा, आज वळीव येणार काय?" असं कुणी विचारावं, आबांनी कानाशी यावं, आणि त्या माणसानं थेट घरी जाऊन गच्चीवरचे पापड काढावेत.

आबा आमच्या लॉजचे टायलर आहेत. एवढं साधं वाक्य, पण कोल्हापुरात ते फोड करून सांगावं लागतं. लॉज म्हणजे फ्रीमेसन मंडळींचं सभागृह. आम्ही बंधुभाव मानणारी माणसं. महिन्यातून एकदा काळा सूट, पांढरे हातमोजे आणि कमरेला छोटंसं ॲप्रन अशा थाटात दार लावून बसतो. आत काय करतो ते मलाही सांगता येत नाही. आणि दार लागल्यावर बाहेर जो तलवार उपसून उभा राहतो, तो टायलर. शेजारच्या काकूंना आबांनी एकदा अभिमानानं सांगितलं, "मी टायलर आहे." दुसऱ्या दिवशी काकू ब्लाउजपीस घेऊन हजर. "कवापर्यंत देशीला?" आबा म्हणाले, "सांगता येत नाही." काकू म्हणाल्या, "सगळे टेलर असंच म्हणत्यात."

आबांची हयात कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या गेटवर गेली. कोण आत गेला, कोण बाहेर आला, यावर तीस वर्षं नजर ठेवली. निवृत्त झाले आणि हे दुसरं दार मिळालं. ड्युटीवर असताना ते पुस्तकातलं मराठी बोलतात. घाबरले की मूळ पदावर येतात.

आणि उन्हाळा आला की आबा घाबरलेलेच असतात. कारण उन्हाळ्यात आमचं लॉज लोकांमध्ये मिसळतं. गेटबाहेर पाणपोई लागते. पाणी पिता पिता कुणी आत डोकावलं तर, म्हणून आबांनी रांजण असा ठेवला की पिणाऱ्याची पाठ लॉजकडे व्हावी. डोळे तपासून मोफत चष्मे द्यायचं शिबिर ठरलं, तेव्हा ते चिंतेनं जेवले नाहीत. मला, म्हणजे छापखानेवाल्याला, म्हणाले, "प्रेसवाले, लोकांस्नी एकदा नीट दिसाय लागलं म्हंजे?"

यंदाच्या पन्हाळ्याच्या सहलीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ठिकाण गुप्त राहावं म्हणून त्यांनी बसच्या ड्रायव्हरला फक्त "वर चला" एवढंच सांगितलं. कोल्हापुरात 'वर' म्हटल्यावर ड्रायव्हरनं जोतिबाला नेऊन उतरवलं. सगळी बंधू मंडळी सहकुटुंब गुलालात न्हाऊन परत आली.

ही बातमी आमच्या उन्हाळी वार्तापत्रात आली ती अशी: 'गेल्या महिन्यात आपण एके ठिकाणी जाणार होतो. दुसऱ्या ठिकाणी गेलो. दोन्ही ठिकाणे चांगली आहेत.' वार्तापत्र आबाच लिहितात. माझा छापखाना आहे, म्हणून छापतो मी. जगात बातम्या लपवण्यासाठी निघणारं वार्तापत्र हे एवढंच असावं. 'एका बंधूंना एका कारणाने आनंद झाला. त्यांचे अभिनंदन.' हे छापलं तेव्हा चार बंधूंनी मला फोन करून विचारलं, "मीच का तो?"

पण आबांची खरी कसोटी मे महिन्यात. शाळांना सुट्ट्या लागल्या की देवीच्या दर्शनाला गाड्यांवर गाड्या येतात. गावातल्या खोल्या भरतात आणि लोक हिंडत हिंडत आमच्या गेटशी पोचतात. गेटवर दगडी कमान आहे, कमानीवर बोर्ड, बोर्डावर हातभर अक्षरांत लिहिलंय 'लॉज'. आता यात त्यांचा काय दोष?

"पावणं, रूम हाय काय?"

"इथे रूम मिळत नाही."

"नॉन-एसी चालंल की."

"इथे प्रवेशासाठी दोन सभासदांची शिफारस लागते."

"आयला, देवीच्या गावात रूमला बी वशिला?"

मोबाईलच्या नकाशावर तर कुणीतरी आम्हाला बाकीच्या लॉजांच्या रांगेत बसवलंय. खाली एका भाविकानं दोन स्टार देऊन अभिप्राय लिहिलाय, 'रूम दिली नाही. तलवार दाखवली. पाणी थंड होते.'

या सगळ्यात एक दिवस मगदूम वकील सापडले. मगदूम आमचे सेक्रेटरी. सभेच्या दिवशी काळा सूट, पांढरे हातमोजे घालून पायऱ्यांवर उभे होते. एक गाडी आत आली, त्यातून एक भक्कम बाई उतरल्या आणि वकिलांच्या हातात दोन पिशव्या देत म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरची बघा बरं का. आणि हातमोजं काडून धरा, लोणचं हाय."

लोणचं वकिलांच्या सुटावर सांडलं. पुढच्या शनिवारी खास सभा बोलावून ठराव आणतो, तो बोर्डच उतरवतो, असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. 'लॉज' काढून 'सभागृह' लिहायचं. बाकीच्यांना पटलं. आबा मात्र बाहेर जाऊन कमानीखाली उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते छापखान्यात आले, यंत्राभोवती एक फेरी मारली, गेले. पुन्हा आले. म्हणाले, "बोर्ड जुना हाय." गेले. तिसऱ्यांदा येऊन म्हणाले, "लई जुना हाय, प्रेसवाले."

मला वाटलं, परंपरेचा माणूस, जीव तुटतोय. पण त्याच आठवड्यात मी असं काही पाहिलं की माझीच झोप उडाली.

लॉजसमोर रसवंती आहे. दुपारी तिथं रस पीत बसलो होतो. एक कुटुंब गेटवर आलं. आबांनी नेहमीच्या खड्या आवाजात "इथे रूम मिळत नाही" सांगितलं. माणसं वळली. आबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, त्यातल्या म्हाताऱ्याच्या कानाशी गेले. आणि या वेळी चांगलं मिनिटभर बोलले. वर खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून त्याच्या हातात सरकवली.

मी रसाचा पेला तसाच खाली ठेवला. ज्या माणसानं मला किती वाजले ते सांगितलं नाही, तो परक्या माणसाला काय सांगत होता? लॉजची गुपितं फुटत होती की काय? कुणाला कळलं असतं तर आबांची तलवार गेली असती. म्हातारपणी ते दार गेलं असतं तर त्यांनी काय केलं असतं?

दोन दिवसांनी वार्तापत्राचा मजकूर आला. कागद उलटा केला तर मागं आबांच्याच अक्षरात: 'चार मोठी, दोन पोरं. आज्जीला खाट. एकाला बिनसाखर. पहाटे दर्शन, त्याआधी पाणी.' ही सांकेतिक भाषा असणार, यात मला शंका उरली नाही. 'आज्जी' हे कुणाचं टोपणनाव? 'बिनसाखर' कोण? मी कागद खिशात घातला आणि सकाळी सकाळी आबांच्या घरी गेलो.

दाराबाहेर चपलांचे चौदा जोड होते. आबा एकटे राहतात. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बंगळुरात.

दार एका म्हातारीनं उघडलं. मला खालीवर न्याहाळून म्हणाली, "रूम न्हाय, पावणं. लॉज फुल्ल हाय."

आत सोप्यावर अंथरुणांच्या घड्या होत्या. स्वयंपाकघरात कुणीतरी भाकरी थापत होतं. दोन पोरं आबांच्या फाउंड्रीच्या जुन्या शिट्टीवरून भांडत होती. आणि मागच्या अंगणात नुसत्या बनियनमध्ये बसून सरनोबत आबा बादलीत कोपर बुडवून पाणी कितपत गरम आहे ते बघत होते. मला पाहून त्यांचा कोपर बादलीतच राहिला.

"मी लॉजमधलं काय बी सांगितलं न्हाय त्यांस्नी," ते म्हणाले. "आईशप्पथ. निस्ता माझा पत्ता दिला."

"अहो आबा, मग घाबरता कशाला? चांगलं काम करताय. वार्तापत्रात छापू की."

ते उठले. ओल्या हातानं माझं मनगट धरलं.

"छापायचं न्हाय. सरनोबत पावणं बोलवून घरात ठेवतोय, हे कळलं की मग हे बी कळतंय की, का बोलवतोय." मग माझं मनगट सोडून म्हणाले, "पोरगा म्हणतोय घराला कुलूप घाला, हिकडं या. मी म्हणतो, घरात माणसं हायत, कुलूप कसं घालू? आता खोटं न्हाय ना बोलत मी?"

"नाही."

"आणि बोर्ड काढल्यावर, प्रेसवाले? माझ्या दाराला काय बोर्ड हाय? हितं कोण यील?"

आतून म्हातारीनं हाक मारली, "ओ लॉजवाले, साखर कुठं ठेवलीसा?" आबा लगबगीनं आत गेले. साखरेची जागा त्यांनी तिला लगेच सांगितली. डावीकडे, उजवीकडे न बघता.

शनिवारी संध्याकाळी खास सभा भरली. आम्ही आत गेलो, दार लागलं, आणि बाहेर तलवार घेऊन आबा उभे राहिले. आबांचा बोर्ड राहणार की जाणार ते आत ठरणार होतं, आणि ते कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून पहारा द्यायला बाहेर खुद्द आबा. एवढा इमानदार पहारेकरी मी दुसरा पाहिला नाही.

वकिलांनी ठराव मांडला. लोणच्याचा डाग पुरावा म्हणून दाखवला. तेवढ्यात दारावर टकटक झाली. सभा चालू असताना बाहेरून टकटक म्हणजे काहीतरी गंभीर. आतल्या पहारेकऱ्यानं दार किलकिलं केलं, परत आला आणि म्हणाला, "टायलर विचारतात, कुणाला पाणी हवंय का?"

कुणालाच नको होतं. मी बोलायला उठलो. खरं कारण सांगायचं नव्हतं आणि खोटं सुचत नव्हतं. पुन्हा टकटक. "पंखा लागतोय का, विचारतात."

"बंधूंनो," मी म्हणालो, "आज लोक आपल्या गेटवर येतात, रूम विचारतात, रूम नाही कळल्यावर निघून जातात. आपण इथे काय करतो हे आजवर कुणी विचारलंय? एकानंही नाही. सगळ्या गावाला वाटतं, हे एक लॉज आहे, फक्त माजुरडं आहे. उद्या 'सभागृह' लिहा. लोक विचारतील, कसली सभा? कुणाची? लग्नाला देता काय? मग काय सांगणार? इतका चांगला पडदा कुठल्या संस्थेला फुकट मिळालाय?"

मगदूम वकील कायद्याचा माणूस. डागाकडे एकदा बघून म्हणाले, "हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता." तिसरी टकटक झाली तेव्हा ठराव मागे घेतला गेला होता. पाणी हवंय का, हेच पुन्हा विचारणं होतं. या वेळी वकिलांनी मागितलं.

सभा संपली. मी पहिला बाहेर आलो. आबा ताठ उभे होते.

"काय झालं?"

मला खोडी काढायची हुक्की आली. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, त्यांच्या कानाशी गेलो. "सांगता येत नाही."

आबांनी मान हलवली. नियमाचा माणूस, पुन्हा विचारलं नाही. पण तलवार म्यानात घालायला गेले आणि ती दोनदा बाहेरच घसरली. मला माझीच लाज वाटली.

"राहिला बोर्ड, आबा," मी म्हणालो.

तिसऱ्या वेळेला तलवार म्यानात गेली.

गेटवर एक जीप येऊन थांबली होती. टपावर बोचकी, आत सात-आठ माणसं. "पावणं, रूम हाय काय?" मगदूम वकील तेव्हाच गाडीत बसत होते. आबा खड्या आवाजात म्हणाले, "इथे रूम मिळत नाही." वकिलांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग खिशात हात घालून जीपकडे गेले.

परत आले तेव्हा चेहरा खुलला होता. "नऊ हायत," म्हणाले. "एक तान्हं हाय. दूध बघाय पायजे."

आम्ही दोघं कमानीखाली थांबलो. जीप चिठ्ठीवरचा पत्ता वाचत हळूहळू पुढं गेली. मे महिना संपत आला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, पंधरा तारखेला शाळा सुरू होतील. पाहुणे यायचे थांबतील. मग घरात तुम्हाला करमायचं कसं?"

आबांनी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही, कानाशीही आले नाहीत. जीप गेली त्या रस्त्याकडे बघत जिथं होते तिथूनच म्हणाले,

"सांगता येत नाही."