बेकरीवाल्या काकांची सही

"काका, तुमच्या वतीने कर कार्यालयात मला बोलता यावं म्हणून हे अधिकारपत्र. इथे सही करा, बाकी सगळं मी बघतो," करसल्लागार म्हणाला आणि बेकरीवाल्या काकांनी घाबरून पेन खाली ठेवलं.

कारण सही करणारा हात शेजारच्या खुर्चीत, प्लास्टरमध्ये होता. लग्न झाल्यापासून काकांची प्रत्येक सही काकूच करत आल्या होत्या. काकांना पाव सोडून कशातच गम्य नव्हतं. शिवाय काकूंच्या हातून त्यांचं नाव असं काही झोकात उतरायचं की काकांना आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटायचं. आता काकू बेकरीत घसरल्या आणि पंचाईत झाली.

काकांनी सही केली कशीबशी. आठवड्याने अधिकारपत्र परत आलं. सही जुळत नाही, करदात्याने समक्ष यावे!

"अगं, त्यांना कळलं तर तुला धरतील," काका रडवेले झाले.

"मग शिका की! केकवर एवढी नक्षी काढता आणि स्वतःचं नाव लिहिता येत नाही?"

ओट्यावर मैदा पसरून काका बोटाने गिरवायला बसले. "फराटा वर घ्या! अहो, वर म्हणजे छताला नाही!" काकू जितक्या ओरडत, तितकी सही बिघडत गेली. शेवटी काकांनी भलतीच शक्कल लढवली. कार्यालयात जाताना त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताला हे भलंमोठं बँडेज गुंडाळलं.

कार्यालयातल्या मॅडमनी एकदा सोबत आलेल्या काकूंच्या प्लास्टरकडे पाहिलं, एकदा काकांच्या बँडेजकडे. "दोघांचेही उजवेच हात?"

"एकदमच घसरलो," काका म्हणाले. "हातात हात होता ना."

काकू या वयातही लाजल्या. करसल्लागार उगाचच पंख्याकडे बघू लागला.

"बँडेज कोणत्या डॉक्टरांनी बांधलं?"

"मीच."

"काका, खोटं बोलताय?"

मॅडमचा आवाज चढला आणि काकूंना राहवेना. "त्यांना काही बोलू नका हो! सगळ्या सह्या मी केल्यात. धरायचं तर मला धरा!"

"काहीतरीच काय!" काका ताडकन उठले. "सही माझीच आहे!" त्यांनी बँडेज ओरबाडून काढलं, पेन उचललं आणि कोणी काही म्हणायच्या आत अधिकारपत्रावर सही ठोकली.

मॅडमनी जुन्या सहीचा कागद शेजारी धरला. बराच वेळ बघितलं. "तंतोतंत जुळतेय की! काकू, नवऱ्यावर जीव असावा, पण म्हणून त्याच्यासाठी इतकं धडधडीत खोटं बोलू नये."

"अहो, पण खरंच मी..."

"चला काकू, चला!" करसल्लागाराने मंजूर झालेलं अधिकारपत्र खिशात कोंबलं आणि दोघांना दाराबाहेर काढलं.

बाहेर येताच काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

"आता काय झालं? सुटलीस ना?"

"सुटले हो. पण तुमचं तुम्हालाच यायला लागलं. आता माझी काय गरज?"

काका गडबडलेच. "वेडी की काय! मला कुठे सही येते? तू माझं नाव जसं लिहितेस ना, तसं फक्त मला काढता आलं. तेही तुला धरतील या भीतीने!"

काकूंनी नाक पुसलं. "मग प्लास्टर निघेपर्यंतच हं. नंतर कागदांना हात लावायचा नाही."

"नाही लावत," काका म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी त्यांना अगदी हायसं वाटलं.