बाथरूमची कडी

बाथरूमची कडी घट्ट झाली होती, तक्रार एवढीच होती. आत गेलेल्या माणसाला ती सरकवताना अंगठा लाल करून घ्यावा लागे. बायकोनं दोनदा सांगून पाहिलं की सुताराला बोलवा आणि सरळ नवी बसवून घ्या. पण नवऱ्याचं मत असं, की दुरुस्त होण्यासारखी वस्तू बदलणं म्हणजे त्या वस्तूचा अपमान. तो कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढायचा, पण घरात आणि नात्यागोत्यात सगळे त्याला मिस्त्री म्हणत. हे नाव कौतुकानं पडलेलं नाही, हे एकट्या मिस्त्रींनाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्या हाताखालून गेलेला पंखा आता एकाच वेगानं फिरे, तोही पंख्याच्या मर्जीनं. इस्त्री डाव्या अंगानं तापे, म्हणून बायको शर्टच फिरवून फिरवून घ्यायला शिकली होती. संसार म्हटला की चालायचंच, असं म्हणून तिनं बऱ्याच गोष्टी चालवून घेतल्या होत्या.

कडीचं काम मिस्त्रींनी काढलं ते नेमकं बायकोची थोरली बहीण यायची त्या सकाळी. ताईला दुसऱ्या गावाला जायचं होतं, वाटेत गाडी बदलायची होती, आणि मधल्या वेळात ती घरी डोकावणार होती.

या दोघी बहिणी भांडलेल्या नव्हत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडण निदान मिटतं तरी. आईच्या शेवटच्या दुखण्यात धाकटीनं थोरलीला वेळेवर कळवलं नव्हतं. ताई पोचली तेव्हा आई गेलेली होती. त्यावर ताई चकार शब्द बोलली नाही, आणि तो न बोललेला शब्द तेव्हापासून दोघींच्या मध्ये ठाण मांडून बसला होता. फोनवर गुडघेदुखी निघे, भाज्यांचे भाव निघत, पाऊसपाणी निघे. आई मात्र निघत नसे. आता इतक्या वर्षांनी ताई आपण होऊन येते म्हणाली, तेव्हा बायकोनं पडदे धुतले, कपबशा नव्या काढल्या आणि मिस्त्रींना विनवलं, की आजच्या दिवस कशाला हात लावू नका.

मिस्त्रींना वाटलं, पाहुणीचा अंगठा लाल होणं बरं दिसत नाही. त्यांनी कडी उघडली, तेल पाजलं, आत जुन्या छत्रीतली एक स्प्रिंग बसवली. दार उघडं ठेवून चारदा सरकवून पाहिली. कडी लोण्यासारखी सरकत होती.

ताई आली. चहा झाला, गुडघे झाले, भाव झाले. मग दोघींनाही काही सुचेना, तेव्हा ताई तोंड धुवायला म्हणून उठली. आत गेली, कडी लावली. थोड्या वेळानं आतून शांत आवाज आला, "भाऊजी, ही उघडायची कशी?"

कडी लोण्यासारखी लागली होती, आणि स्प्रिंग खाचेत जाऊन तिथंच बसली होती. मिस्त्रींनी फटीतून सुरी घातली. सुरी गेली, पण परत येईना. बिजागऱ्या काढाव्यात तर त्या आतल्या बाजूला. खिडकीतून जावं तर ती वाऱ्यानं आपटते म्हणून मिस्त्रींनीच गेल्या वर्षी खिळे मारून बंद केलेली. वरच्या झडपेपर्यंत चढावं म्हटलं तर शिडीची दुसरी पायरीही त्यांनीच दुरुस्त केलेली, म्हणजे तिच्यावर कोणी पाय ठेवत नसे.  बायकोनं सुताराला फोन लावला. तो म्हणाला, हातातलं काम उरकून येतो. ताईची गाडी त्याआधीच सुटणार होती.

"अहो, तुम्ही जरा बाजूला बसा," बायको म्हणाली आणि दाराला टेकून जमिनीवर बसली. "ताई, घाबरलीस का गं?"

"घाबरायचंय काय? बादली पालथी घालून बसलेय." मग ती म्हणाली, "आईच्या घरी मोरीत अशीच बसायचे मी. तू बाहेरून दार वाजवायचीस."

"तू उघडायची नाहीस."

"तू रडायला लागलीस की उघडायचे."

मिस्त्री सुरीची मूठ न सोडता तिथंच बसून राहिले. या घरात आई हा शब्द ताईच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकत होते.  मग आतून एकदम आलं, "चिमे, मला कळवलं का नाहीस तू?"

बायकोनं डोकं दाराला टेकलं. समोर ताईचा चेहरा असता तर तिनं हे सांगितलं नसतं. "आई शुद्धीवर यायची तेव्हा तुझंच नाव घ्यायची," ती म्हणाली. "तिचं सगळं मी करत होते, ताई. आणि ती मला तुझ्या नावानं हाक मारायची. तू आलीस की ती माझ्याकडं बघणारसुद्धा नाही, असं वाटलं मला. एक दिवस थांबू म्हटलं, फक्त एकच. तेवढ्यात ती गेली."

आत बादली सरकल्याचा आवाज झाला. मग ताईचा आवाज आला, अगदी दाराजवळून. "चिमे, ऐक. मी..."

त्याच वेळी मिस्त्रींना हाताखाली सुरी किंचित हललेली जाणवली. स्प्रिंग सैल झाली होती. आता नुसतं दाबलं की झालं. थांबावं, हे त्यांना कळत होतं. ते शपथेवर सांगतील की कळत होतं. पण जन्मभर संधी शोधणाऱ्या त्यांच्या हाताला तेवढी अक्कल नव्हती. टक्क आवाज झाला आणि दार उघडलं.

दोघी समोरासमोर आल्या. ताईचे डोळे लाल होते. तिनं पटकन पदरानं तोंड पुसलं. बायको उठून साडी झटकू लागली.

"उघडलं की," ताई म्हणाली.

"चहा टाकू का पुन्हा?"

"नको गं. गाडी चुकेल."

मिस्त्री तिला रिक्षापर्यंत पोचवून आले. बायको कपबशा विसळत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "आयुष्यात कधी काही जमलं नाही तुम्हाला," ती म्हणाली. "आजच जमायचं होतं." आवाजात राग नव्हता, म्हणून मिस्त्रींना ते जास्त लागलं.

पुढचे कित्येक दिवस ते कचेरीत नकाशे चुकवत राहिले. जरा मूठ सोडली असती, खोकला आला असता, दारावर कोणी आलं असतं, असं त्यांच्या मनात घोळत राही. शेवटी त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. सुताराला बोलावून नवी कोरी कडी बसवून घेतली. सुतारानं जुनी पिशवीत टाकून नेली. नवी एका बोटानं लागे, एका बोटानं उघडे. बायकोनं ती बघितली आणि म्हणाली, "छान आहे." मिस्त्रींना वाटलं, तिनं नावं ठेवली असती तर बरं झालं असतं.

ताईचे फोन येत राहिले. गुडघे, भाव, पाऊस.

थंडी सरता सरता ताई पुन्हा आली, तशीच दोन गाड्यांच्या मधे. चहा झाला. बोलण्यासारखं होतं तेवढं संपलं. दोघी कपाच्या कडांकडे बघत बसल्या. मिस्त्रींनी घरभर नजर फिरवली, पण करण्यासारखं काही नव्हतं. घरात सगळं नीट चालू होतं.

ताई उठली. तोंड धुवायला जाते म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही. बाथरूममध्ये गेली, दार लोटलं. नवी कडी लागल्याचा हलका आवाज आला. मग बादली पालथी घातल्याचा.

"चिमे," आतून हाक आली, "आहेस का गं तिथं?"

"आहे, ताई." बायको लगबगीनं दाराजवळ जाऊन खाली बसली.

"त्या दिवशी मी सांगत होते ना..."

मिस्त्रींनी पायात चपला सरकवल्या, बाहेरचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. जिन्याचा कठडा खिळखिळा झाला होता, हाताशीच होता. मिस्त्रींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.